घरातली जुनी हस्तिदंती वस्तू विकायच्या आधी

वाडा आवरताना हस्तिदंताचा करंडा, फणी किंवा सोंगट्या सापडल्या, की कुणीतरी विचारतंच, याचे किती येतील? भारतात ती वस्तू विकताच येत नाही. दोनशे वर्षांची असली तरी नाही. शंभरी ओलांडली की सूट मिळते, हा समज चुकीचा आहे. पुरावस्तूंचा कायदा वेगळा, आणि तो तर वस्तू देशाबाहेर नेऊही देत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन इथल्या हस्तिदंताचा व्यापार थांबला. १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेला मालही बंद झाला. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००३मध्ये हरले. हे योग्यच झालं. आपल्याकडच्या हत्तींत मोठे सुळे नरालाच येतात. शिकाऱ्यांनी ते टिपून मारले आणि केरळातल्या पेरियारच्या जंगलात नर-मादीचं प्रमाण पार बिघडलं.

वस्तू खरंच हस्तिदंताची आहे का, हे पाहायला आधी भिंग घ्या. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, हाडावर काळसर ठिपके. तापलेली सुई टोचू नका, वस्तू बिघडते. जुन्या सतारीची घोडीही (तारा टेकतात ती पट्टी) तपासा. ती सांबरशिंगाची निघाली तरी कायदा हाच.

मग कपाटातले कागद काढा. मुख्य वन्यजीव रक्षकांनी दिलेलं मालकी प्रमाणपत्र हवं. जुन्या वस्तू त्यांच्याकडे जाहीर करायला २००३मध्ये १८० दिवसांची मुदत मिळाली होती. तेव्हा आजोबांनी अर्ज केला असेल, तर तो कागद जिवापाड जपा.

वस्तू वारशाने आली असेल, तर वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करा. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. अर्ज कसा करायचा, ते जवळच्या वन कार्यालयात विचारा. अधिकारी पाहणी करतात, यादी करतात, वस्तूवर ओळखखूण करतात. वारशाखेरीज ती कुणाकडून घेता येत नाही, म्हणून लेकीच्या लग्नात भेट देण्याचा विचारही सोडा. प्रमाणपत्र असलेली वस्तू घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेलात, तर ३० दिवसांत कळवा.

कागदच नसतील, तर आधी वकिलाला भेटा, मग वन विभागाकडे जा. ऑनलाइन जाहिरात मुळीच टाकू नका: या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

प्रमाणपत्र आहे पण वस्तू नको असेल, तर २०२२च्या दुरुस्तीनुसार ती मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करता येते. मोबदला मिळत नाही.