तिसऱ्या चढाईला जाताना: रेडरचा आत्मविश्वास कसा बांधायचा

सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी मुलींचा कबड्डी संघ चालवते. सराव मातीवर, स्पर्धा मात्र आता बहुतेक मॅटवर. पालक येतात आणि एकच तक्रार सांगतात, "ताई, पोरगी सरावात वाघीण असते, सामन्यात तिचा कॉन्फिडन्स जातो. तेवढा वाढवा बघू." जणू बाटलीतलं टॉनिक आहे, दोन चमचे पाजलं की झालं. खाली लिहिलंय ते रेडर, म्हणजे चढाई करणाऱ्या, मुलामुलींसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी.

आधी एक गैरसमज काढून टाका. चढाईआधी छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. हे चांगल्या रेडरलाही होतं. ते घालवायच्या मागे लागलात तर सगळं लक्ष स्वतःच्या छातीकडे जातं आणि समोरचा डावा कोपरा, म्हणजे त्या टोकाचा बचावपटू, कधी सरकला ते कळत नाही. धडधड राहू दे. शरीर पळायच्या तयारीला लागलंय एवढाच तिचा अर्थ.

अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं होतं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून दाखवलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिलेलं, कुणी दिलेला धीर, आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यातली पहिली वाट सगळ्यात भक्कम. आपल्या मैदानांवर मात्र सगळा भर तिसरीवर. "शाब्बास वाघा, तू करशील!" म्हणून पाठ थोपटायची आणि पोराला ढकलायचं. धीर द्यावा, पण पोरीच्या गाठीशी काही नसेल तर तो मध्यरेषेपर्यंतही टिकत नाही.

वही

गाठीशी असलेलं डोळ्यांसमोर राहावं म्हणून वही. सराव संपला की घरी जायच्या आधी, पायाची माती झटकता झटकता, जमलेल्या दोन-तीन चढाया लिहायच्या. "आज छान खेळले" असलं लिहिलेलं मी खोडायला लावते. नोंद अशी हवी: "समोर सहा. डावा कोपरा पुढे येऊन बसलेली. उजवीकडे दोन पावलं दाखवली, ती आत वळली, मागच्या पायाने टो टच (बोटांनी स्पर्श)." बाद झालेल्या चढाईचीही एक ओळ लिहायची, पण ती 'पुढच्या वेळी काय' इथे संपली पाहिजे. "वळताना उभी राहिले. वळतानाही कंबर खाली." स्पर्धेच्या आदल्या रात्री मोबाइल बाजूला ठेवून ही वही वाचायची. तुम्ही काय काय केलंय हे तुमच्याच अक्षरात समोर असतं, आणि ते कुणाला खोडता येत नाही.

डोळे मिटून चढाई

मनात खेळ बघायचा सराव पुष्कळ जण सांगतात, पण झोपून, निवांतपणे, सिनेमा बघितल्यासारखा करतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. आम्ही तो मैदानावरच करतो. मध्यरेषेवर उभं राहायचं, कंबर खाली, बूट पायात. शेजारी एकीच्या हातात स्टॉपवॉच. डोळे मिटायचे आणि दम तोंडाने चालू, "कबड्डी, कबड्डी", मोठ्याने. चढाई खरी असते तेवढीच, ३० सेकंद. चित्र प्रेक्षकांच्या जागेवरून दिसायला नको, स्वतःच्या डोळ्यांतून दिसलं पाहिजे: समोर निदान रेषा (गुण न आणता परतायचं तरी ओलांडावी लागते ती), पलीकडे बोनस रेषा (तिच्यापलीकडे पाय टाकला की जादा गुण), साखळी धरलेल्या दोघींचे हात, कोपऱ्यातल्या पोरीचे गुडघे.

आमच्याकडची एक रेडर हे करताना बारा-तेरा सेकंदांतच डोळे उघडायची. विचारलं तर म्हणाली, "बोनस झाला ना ताई." म्हणजे तिच्या मनात चढाई बोनस रेषेवरच संपत होती. आणि सामन्यातही ती बोनसचा पाय टाकून परत वळतानाच सापडायची! तेव्हापासून आम्ही नियम केला, मनातली चढाईसुद्धा मध्यरेषेला हात लागल्यावरच संपते. आठवड्यातून एखादी चढाई अशीही बघायची की घोटा पकडला गेलाय. मग पुढे काय? पाय ओढायचा की वळून रेषेकडे झेप घ्यायची? दम तोडायचा नाही. पकडीची भीती असते ती बहुतेक वेळा 'पुढे काय' हे ठरलेलं नसतं म्हणून असते.

पाच सेकंदांची सवय

समोरचा रेडर परतला किंवा बाद झाला की पाच सेकंदांत आपला रेडर निघायला लागतो. त्यामुळे 'दहा वेळा खोल श्वास घ्या' छापाचे सल्ले कबड्डीत बसत नाहीत. पाच सेकंदांत बसेल तेवढंच ठरवा आणि प्रत्येक चढाईला, सरावातही, तेच करा.

आम्ही करतो ते असं. तोंडाने एक लांब श्वास सोडायचा. श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांबवलं की धडधड थोडी उतरते. मग मोजायचं: समोर किती जणी? सहा किंवा सात असतील तर बोनस मिळतो. तीन किंवा कमी असतील तर बोनस नाही, आणि सापडलात तर अव्वल पकडीचा जादा गुण त्यांना. कोपरे कुठे उभे आहेत? आणि शेवटी स्वतःला एक शब्द.

हा शब्द हुकमाचा असावा, कौतुकाचा नको. "खाली." "मागचा पाय." "हात." कुणी "घाबरू नको" म्हणत असेल तर ते बंद करा, त्यात भीतीचीच आठवण होते. मोजण्यावर माझा जास्त जोर आहे. मन रिकामं ठेवलं की त्यात गॅलरी शिरते, मागच्या सामन्यातली पकड शिरते. त्याला आकडे मोजायला लावले की ते कामाला लागतं.

हलगी

संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या, म्हणजे गुणाविना, गेल्या की तिसरीला गुण आणायचा, नाही तर बाद. सरावात ही वेळ मुद्दाम आणा. आम्ही फळ्यावर २८-२९ लिहितो, शेवटची दोन मिनिटं लावतो, बाकीच्या पोरी रेषेवर उभ्या राहून ओरडतात आणि शेजारचा हलगीवाला मोकळा असला तर त्यालाही बोलावतो. त्या दणक्यात मोजणी आणि शब्द आठवला, तर जत्रेच्या सामन्यातही आठवतो.

बाद होऊन बाहेर बसल्यावर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. कबड्डीत बाद झालेल्याला साथीदाराने गुण आणेपर्यंत बसूनच राहावं लागतं, आणि आत्मविश्वास तिथेच पोखरला जातो. बसेपर्यंत काय राग काढायचा तो काढा. बसलात की समोरच्या संघातली एकच बचावपटू निवडा आणि तिलाच बघा: पुढे कधी येते, कुठल्या पायावर जोर असतो. आत परतताना आपल्या दुसऱ्या रेडरला एक बातमी देता आली पाहिजे: "उजवा कोपरा बोनसवर धावतोय." बातमी घेऊन आत येणारी पोरगी मान खाली घालून येत नाही.

२०१६ चा विश्वचषक अंतिम सामना आम्ही कधीतरी बघतो. अहमदाबादला मध्यंतराला भारत इराणच्या मागे होता, १३-१८. शेवटी ३८-२९ ने जिंकला, त्यात अजय ठाकूरचे बारा गुण. दुसरा डाव आवाज बंद करून बघा आणि भारताच्या रेडरचे पाय बघा. पण खरं सांगू? अजय ठाकूरपेक्षा पोरींना गावातलीच, दोन वर्षांनी मोठी, जिल्ह्याला खेळून आलेली ताई जास्त उपयोगी पडते. तिला सरावाला बोलवा आणि पहिल्या पकडीनंतर ती कशी रडली होती तेही सांगायला लावा.

प्रशिक्षकांना एकच विनंती. टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांगा. पाच सांगितल्या तर पोरगी एकही घेऊन जात नाही.

आणि पोरीला घोट्याची पकड सोडवताच येत नसेल, तर वही-बिही बाजूला ठेवून आधी ती शिकवा. यातलं काहीही स्पर्धेच्या आठवड्यात नव्याने सुरू करू नका. स्पर्धा तोंडावर आली असेल तर फक्त श्वास, मोजणी आणि शब्द घ्या, तेही आज संध्याकाळच्या सरावापासून. बाकीचं पुढच्या मोसमाला.