रामन वर्णपट वाचताना या चुका टाळा

नमुन्यावर लेझर मारला की पडद्यावर रामन वर्णपट, म्हणजे पदार्थ ओळखायला उपयोगी पडणारा विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख, उमटतोच. तो नमुन्याचा आहे, खालच्या काचेचा आहे, पुराव्याच्या पिशवीचा आहे की डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा, हे यंत्र सांगत नाही, आणि नवशिके विचारत नाहीत. मुंबईच्या उपनगरातील एका प्रयोगशाळेत गुन्ह्यांच्या तपासातील शाई, रंग आणि पावडरी, तसेच रोगनिदानाच्या संशोधनासाठी येणाऱ्या पेशी, या सर्वांचे रामन वर्णपट घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. दर वर्षी नवी मुले त्याच जुन्या चुका नव्या उत्साहाने करताना मी पाहतो. विखुरलेल्या प्रकाशाच्या सुमारे एक कोटी कणांपैकी एखादाच कण रेणूंच्या कंपनांमुळे तरंगलांबी बदलून परततो, आणि आपल्याला नेमका तोच मोजायचा असतो. इतक्या क्षीण खुणेवर कोणताही परका प्रकाश सहज मात करतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सुरुवातीलाच लेझरची पूर्ण शक्ती वापरणे. सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील या शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी ‘नमुन्याला धक्का न लावणारी पद्धत’ हे शब्द इतक्या व्यासपीठांवरून ऐकू येतात की विद्यार्थ्यांना ती यंत्राची हमीच वाटू लागते. प्रत्यक्षात शक्ती किती आणि नमुना किती गडद, यावर सारे अवलंबून असते. १०० मिलीवॅट हा आकडा ऐकायला किरकोळ आहे, परंतु तो प्रकाश ५० पटींच्या भिंगातून दोन मायक्रोमीटर व्यासाच्या ठिपक्यात एकवटला की तेथील तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३० लाख वॅट होते. काळी शाई आणि वाळलेले रक्त हा प्रकाश शोषून घेतात आणि जळतात.

प्रत्येक नव्या उमेदवाराला मी सरावासाठी एक रद्द धनादेश देतो. त्यावरची रक्कम मी एका काळ्या बॉलपेनने लिहिलेली असते आणि शेवटचे शून्य दुसऱ्या काळ्या बॉलपेनने वाढवलेले असते. मागे एका मुलाने हे काम पाऊण तासात संपवले, कारण त्याला डोंबिवलीची जलद लोकल गाठायची होती. “सर, दोन्हीकडे एकच शाई आहे, दोन्हींत कार्बन ब्लॅक आहे,” असे त्याने ठामपणे सांगितले. कार्बन ब्लॅक म्हणजे काजळीसारखी कार्बनची काळी भुकटी. त्याच्या दोन्ही वर्णपटांत १३५० आणि १५९० प्रति सेंटीमीटरच्या आसपास (परतलेला प्रकाश किती बदलला हे मोजण्याचे हे एकक; पुढचे शिखरांचे आकडेही त्यातच आहेत) दोन रुंद उंचवटे होते, आणि ती कार्बनची खूण आहे हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. काही काळ्या शायांमध्ये आणि छपाईच्या टोनरमध्ये कार्बन ब्लॅक असतोही. मी त्याला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावले, तेव्हा अक्षराच्या रेघेत तपकिरी कडेचा खड्डा पडलेला त्याला दिसला: त्याने शाई मोजली नव्हती, शाईचा कोळसा मोजला होता. त्याच रेघेवर थोडे बाजूला सरकून, एक टक्का शक्तीच्या फिल्टरने वर्णपट घेतल्यावर रकमेच्या शाईत ११७५, १३७० आणि १६२० च्या जवळ मिथाइल व्हायोलेट रंगद्रव्याची टोकदार शिखरे उभी राहिली. शून्याच्या शाईत ती नव्हती. खऱ्या मुद्देमालावर हेच घडले असते, तर खाडाखोड केलेल्या धनादेशाला ‘शाई एकच’ असे प्रमाणपत्र मिळाले असते आणि पुराव्यावर खड्डेही राहिले असते.

माझी सवय कंटाळवाणी आहे. मी नेहमी सर्वांत कमी शक्तीपासून सुरुवात करतो, ठिपक्याचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र नोंदीला जोडतो, आणि एकाच ठिकाणी लागोपाठ दोनदा वर्णपट घेतो. दुसरा वर्णपट पहिल्यापेक्षा वेगळा आला, तर तिथेच थांबतो. घाई असलेल्यांनी हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

दुसरी नेहमीची चूक प्रतिदीप्तीच्या, म्हणजे लेझरच्या प्रकाशाने नमुना स्वतःच उजळण्याच्या, बाबतीत होते. रामन प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे ७८५ नॅनोमीटरच्या तुलनेत ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर सुमारे पावणेपाच पट अधिक प्रकाश देतो, आणि मुले तोच निवडतात. मात्र रंगवलेले कापड किंवा शरीरातील ऊती हिरव्या प्रकाशात स्वतःच इतक्या उजळतात की आलेखात डोंगर उभा राहतो आणि शिखरे त्यात बुडतात. मग संगणकावर पार्श्वभूमी वजा करण्याचे बटण दाबले जाते आणि आलेख स्वच्छ दिसतो. डोंगर वजा होतो, पण त्याने आणलेला गोंगाट तसाच राहतो, आणि त्या गोंगाटातील खाचखळगे शिखरे म्हणून वाचले जातात. अशा वेळी मी लेझर बदलतो, बटण नव्हे.

पॉलिथिनच्या पिशवीतून पावडर तपासताना १०६२, ११२८ आणि १२९५ ही शिखरे पिशवीची असतात, म्हणून रिकाम्या पिशवीचा वर्णपट आधी घ्यावा. हिरव्या लेझरच्या वर्णपटात ४८४ च्या जवळ सुईसारखी रेषा दिसली, तर ती जुन्या ट्यूबलाइटमधील पाऱ्याची असण्याची शक्यता मोठी आहे. दिवे बंद करावेत. एकदाच उमटून पुन्हा न दिसणारी सुई वैश्विक किरणांची असते. ओळखीच्या पदार्थांच्या वर्णपटांच्या संग्रहाशी ‘९६ टक्के जुळते’ याचा अर्थ शुद्धता ९६ टक्के असा नाही. भेसळीच्या पावडरीत मुख्य घटकच जुळतो आणि थोड्या प्रमाणातील अमली पदार्थ त्याच्या आड लपतो.

मुंबईत जुलै महिन्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री बंद केलेला एसी सकाळी सुरू होतो आणि दहा मिनिटांत कोणीतरी मोजमाप घेऊ लागते. खोली थंड होत असताना यंत्राचे भागही किंचित सरकत असतात, म्हणून मी तासभर थांबून यंत्र पडताळण्यासाठीच्या सिलिकॉनच्या तुकड्याचे शिखर ५२०.५ वर आहे की नाही ते पाहतो आणि दुपारी पुन्हा पाहतो. हे न करणाऱ्यांना पेशींतील फिनाइल-अ‍ॅलनिन या प्रथिनांतील अमिनो आम्लाचे १००३ चे शिखर दोन एककांनी सरकलेले दिसते, आणि त्याला ‘रोगामुळे झालेला बदल’ म्हणण्याचा मोह होतो.

हा मोह निदानाच्या कामात फार खोल जातो. एका संशोधक विद्यार्थ्याने तोंडाच्या कर्करोगासाठी गालाच्या आतील पेशींचे ६०० वर्णपट माझ्याकडे आणले. संगणकाने रुग्ण आणि निरोगी जवळजवळ बिनचूक वेगळे केले होते आणि तो लेख लिहायला बसला होता. मी विचारले, माणसे किती? माणसे वीस होती, प्रत्येकाचे तीस वर्णपट. त्याने ते सर्व एकत्र मिसळून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले होते, म्हणजे एकाच माणसाच्या पेशी दोन्हीकडे होत्या आणि संगणक रोग न ओळखता माणूस ओळखत होता. परीक्षेला संपूर्ण माणूस बाजूला ठेवायला सांगितल्यावर अचूकता बरीच घसरली, तरी ती संशय यावा इतकी चांगलीच राहिली.

कारण नोंदवहीत सापडले. निरोगी नमुने कॅल्शियम फ्लोराइडच्या पट्ट्यांवर घेतले होते; त्या महाग पट्ट्या संपल्यावर रुग्णांचे नमुने साध्या काचेवर घेतले गेले. ७८५ नॅनोमीटरच्या लेझरखाली साधी काच १४०० च्या आसपास रुंद उंचवटा देते, आणि संगणक तोच उंचवटा पाहून ‘रुग्ण’ म्हणत होता. अ‍ॅल्युमिनियम फॉइल चढवलेली पट्टी वापरली असती, तरी अल्प खर्चात काम भागले असते. शिवाय रुग्णांपैकी बहुतेक तंबाखू खाणारे होते आणि निरोगी गटात तसा एकही नव्हता, त्यामुळे काचेचा प्रश्न सुटला तरी रोग मोजला की तंबाखू, हा प्रश्न उरलाच असता. विद्यार्थ्याने वीसही जणांचे नमुने पुन्हा घ्यायचे ठरवले, पण तोपर्यंत रुग्णांपैकी सहा जण उपचार संपवून गावी परतले होते.