अध्यक्ष झालात? आधी शेड्यूल वन बघा

पुण्यात प्राण्यांसाठी झगडणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद गळ्यात पडलं की पहिला प्रश्न येतो, ‘शेल्टर कधी काढताय?’ काढू नका. गेटवर रातोरात पिल्लांची खोकी येऊन पडतात आणि महापालिकेच्या पायऱ्या झिजवायला माणूस उरत नाही.

मी मात्र भलतीकडेच अडकले. सोसायटीतल्या कुत्र्यांवरून क्षेत्रीय कार्यालयात बैठक होती. २०२३ चे एबीसी (अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे) नियम तोंडपाठ, नसबंदी झालेलं कुत्रं उचललं तिथेच सोडायचं हा मुद्दा तयार. (शाळा, रुग्णालयं, स्थानकांच्या आवाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश वेगळा आहे. तो मुळातून वाचा, ग्रुपवर फिरणारा सारांश नको.) समोरच्या काकांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून आमच्याच संस्थेचा शेड्यूल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा, उतारा काढला. विश्वस्तांच्या रकान्यात माझं नावच नव्हतं. “मॅडम, तुम्ही नेमक्या कोण?” कुत्र्यांचा विषय तिथेच बारगळला.

सभेत निवड होते, हार घातले जातात, पण धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी तुम्ही अजून कोणीच नसता. १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. दाखल होणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं, हे पुन्हा वाचा. सोबत सभेची नोटीस, ती प्रत्येकाला पोचल्याचा पुरावा, ठराव, नव्यांचं संमतीपत्र, जुन्यांचा राजीनामा. नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की भागतं, असं सांगणारे ज्येष्ठ हमखास भेटतात. त्यांचा अनुभव प्राण्यांचा असतो, कागदांचा नाही. संस्थेच्या घटनेत नोटीस कशी द्यायची ते लिहिलेलं असतं, तशीच द्या. आमची फाइल नेमकी तिथेच अडली: एक विश्वस्त मुलीकडे अमेरिकेत, नोटिशीवर त्यांची पोच नाही. बँकही सह्या बदलायला हाच उतारा मागते. तोवर चेकवर जुन्या अध्यक्षांची सही, आणि डॉक्टरांची बिलं थकलेली.

मुदत उलटून गेली असेल तरी हातपाय गाळू नका. विलंबमाफीचा अर्ज करता येतो. ‘आठ दिवसांत करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला तेवढं दारात उभं करू नका.

बाकीचं काम अंगवळणी पडतं, खरंच. पोलीस ठाण्यात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचं कलम ११ लावून बोळवण करतात. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. प्राणी मारला किंवा जायबंदी केला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगा, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आवाज न चढवता सांगा.

नाव उताऱ्यावर चढलं की एबीसी देखरेख समितीत जागा मागा. तिथे आयुक्त अध्यक्ष असतात आणि मान्यताप्राप्त प्राणी संस्थांचे प्रतिनिधीही. मागणी लेखी करा. खिडकीवरचा कारकून ‘ठेवून जा’ म्हणेल. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडेपर्यंत हलू नका.