आडनाव वेगळं असलं तरी आपली सुतार जात कागदावर कशी शोधायची

पुतणीच्या ॲडमिशनसाठी जातीचा दाखला काढायला निघालो तेव्हा कळलं की घरात चार पिढ्या सुतारकाम आहे पण आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे तोंडी सांगून काही होत नाही. नाशिकमध्ये आपल्यासारखी बरीच घरं आहेत म्हणून लिहितोय.

आधी मूळ गाव पक्कं करा, बाकी सगळं त्यावरच आहे. म्हाताऱ्या माणसांना "आपण मूळचे कुठले" विचारलं की ते नाशिकच म्हणतात, म्हणून "आपल्याला बलुतं कोणत्या गावातून यायचं" असं विचारा. सुतार बारा बलुतेदारांतला, नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी नीट करून द्यायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं, आणि हे वतन गावाला बांधलेलं असायचं, म्हणजे जिथलं बलुतं तिथेच जुन्या नोंदी. माझ्या चुलत आजीला गावाचं नाव आठवेना, पण आजोबांचा वाकस आणि रंधा समोर ठेवल्यावर धडाधड सगळं सांगितलं! माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंतीला भाऊबंद जमतात, तेव्हाच वही घेऊन बसा.

मग रामकुंडावर नाहीतर त्र्यंबकेश्वरला आपल्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण ते शोधा. त्यांच्या नामावलीत गाव आणि आडनाव सांगितलं की दशक्रियेला, अस्थी विसर्जनाला कोण आलं होतं, त्याचे वडील, भाऊ, मुलं सगळी नावं निघतात. दाखल्यासाठी यावर विसंबू नका, पण पणजोबांचं खरं नाव कळतं आणि पुढे रजिस्टरात कोणाला शोधायचं ते ठरतं.

आता मुख्य काम. सुतार ओबीसीत येतात, त्यामुळे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद लागते आणि ती वडिलांकडच्या रक्तातल्या नात्यातली, म्हणजे वडील, काका, आत्या, आजोबा, चुलत आजोबा, आईकडची चालत नाही. आत्याला लोक विसरतात! आमचं काम तिच्याच शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर झालं, स्वच्छ "हिंदू सुतार" लिहिलेलं. शाळेत नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद, त्यात जातीचा रकाना असतो. जुनी पानं मोडी लिपीत असतील तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या.

एक लक्षात ठेवा, धंद्याच्या रकान्यात "सुतारकी" असणं वेगळं आणि जातीच्या रकान्यात "सुतार" असणं वेगळं, जातीच्या रकान्यातलंच हवं. आणि अभिमानाने अर्जात पदरचं "विश्वकर्मा" किंवा "पांचाळ" लिहू नका, पांचाळ म्हणजे सुतार, लोहार, तांबट, पाथरवट, सोनार असे पाचही कारागीर, तेव्हा रजिस्टरात जो शब्द आहे तोच अर्जात, वंशावळीत आणि प्रतिज्ञापत्रात लिहा. दाखला प्रांत ऑफिसमधून मिळतो, पण व्हॅलिडिटीला, म्हणजे जात पडताळणीला, हेच कागद पुन्हा लागतात, म्हणून प्रत्येक नकलेच्या दोन सही-शिक्क्याच्या प्रती तेव्हाच घ्या.