चपटा किडा बघायला मालवणला जायचं तर

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा परिचर होतो. कपाटातल्या सगळ्या बाटल्या माझ्या हाताखालच्या. पट्टकृमी आहे, लिव्हर फ्ल्यूक, म्हणजे यकृतातला कृमी, आहे. त्यांच्याच संघातला समुद्री चपटा कृमी, पॉलिक्लॅड, तेवढा नाही. एका सहलीत मीच बरणीत घालून आणायला निघालो होतो. फोंडा घाट चढेपर्यंत पाणी तापलं आणि बरणीत राहिला नुसता शेंबूड. तेव्हापासून पोरांना सांगतो, हा गडी जित्ता आणि त्याच्या घरीच बघायचा.

आधी घरची तालीम करा. मटण आणायला जाल तेव्हा बोटाच्या पेराएवढी कलेजी मागून घ्या. दोऱ्याला बांधून राधानगरीकडच्या स्वच्छ ओढ्यात, सावलीतल्या दगडाखाली तासभर ठेवा. नशिबात असेल तर तिला प्लॅनेरिया चिकटलेले मिळतील. हा गोड्या पाण्यातला भाऊबंद. नजर बसायला पुरे.

आता दिवस ठरवा. त्याला कॅलेंडर लागतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरा: उधाणामुळे पाणी लांब हटतं आणि उजेडही असतो. हा हिशोब ढोबळ आहे, भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. आदल्या दिवशीच निघून मालवणात मुक्काम करा. दाजीपूरजवळ रस्त्यात गवा उभा दिसला तर हॉर्न न वाजवता थांबायचं.

सामान थोडंच. पारदर्शक तळाचा डबा, चित्रकलेचा मऊ ब्रश, दहापट भिंग, पांढरा कागद. आणि कोल्हापुरी पायतान घरी ठेवा. खडकावरची कालवं पाय कापतात, जुने बूट बरे.

पाणी उतरायला लागलं की मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांत डबकी शोधा. पाट्याएवढा दगड हळूच उलटा करा आणि लगेच हलू नका. ओलं पान चिकटलंय असं वाटतं, मग ते पान सरकायला लागतं. बहुतेक मातकट, ठिपक्यांचे असतात. रंगीत दिसला तर समुद्री गोगलगाय नाही ना, हे बघा. बऱ्याच गोगलगायींच्या पाठीवर कल्ल्यांचा झुपका असतो. याची पाठ कागदासारखी पातळ आणि पुढची कडाच दुमडून शिंगं झालेली. इतका पातळ का, तर हृदय नाही, कल्ले नाहीत. ऑक्सिजन थेट कातडीतून आत जातो. जाड होऊन चालणारच नाही.

बोट लावू नका. काही जातींत फुग्या माशातलं विष, टेट्रोडोटॉक्सिन, सापडलंय. ब्रशने त्याच डबक्याच्या पाण्यासकट डब्यात घ्या. खाली कागद धरून डोळ्यांचे बारीक काळे ठिपके मोजायचा प्रयत्न करा; आम्हाला कधी जमलं नाही. मग डबा वर उचलून खालून बघा. हीच खरी मजा. तोंड डोक्याला नसून पोटाखाली असतं. काही जातींत घसा पडद्यासारखा चुण्यांचा, तो बाहेर काढून भक्ष्यावर पांघरतात. आतडं फांद्या फुटल्यासारखं, म्हणून नाव पॉलिक्लॅड, बहुशाखी. गुदद्वार नाहीच, आल्या वाटेनेच घाण बाहेर.

स्टायलोकस नावाचे काही चक्क कालवाच्या शिंपल्यात शिरून त्याला खातात. रंगीत जाती असिडियनांवर, म्हणजे दगडाला चिकटलेल्या पिशवीसारख्या समुद्री प्राण्यांवर, जगतात.

यांचं लग्न म्हणजे कुस्तीच. प्रत्येक जण नरही आणि मादीही. स्यूडोसेरॉस बायफर्कस या जातीत दोघं उभे राहून एकमेकांना लिंगाने भोसकायला बघतात. १९९८ साली मिखील्स आणि न्यूमन या संशोधकांनी हे छापलं. ज्याला भोसकलं, त्याने अंडी घालायची. मालवणात आम्हाला ही कुस्ती दिसली नाही.

दोन-तीन मिनिटांत फोटो काढून किडा जिथला तिथे सोडा. तिथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा घरी काहीच आणायचं नाही. दगड होता तसाच पालथा घाला, नाहीतर खालचं सगळं उन्हात मरतं. आणि दगडाच्या पोटाला बारीक दाण्यांची एकथरी चकती चिकटलेली दिसली तर ती अंडी असू शकतात. तो दगड तेवढा आधी ठेवा, फोटो राहू दे.