कपाशी माजतेय? फवारण्याआधी पेर मोजा

हिरवीगार, उंच कपाशी बघून बरे वाटते. पण झाडाने सगळा जोर पानाफांद्यांत घातला की पाती (फुलांच्या कळ्या) टिकत नाहीत आणि दाटीतली खालची बोंडे सडतात. तिथे मेपिक्वाट क्लोराईड हे वाढ आवरणारे औषध कामाला येते. त्यामुळे झाडात जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक कमी तयार होते आणि नवी पेरे, म्हणजे दोन पानांमधले खोडाचे भाग, आखूड निघतात. एकदा लांबलेले पेर मात्र पुन्हा आखूड होत नाही, म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे.

१. पाती लागू लागली की दर आठवड्याला शेतात फिरून निरनिराळ्या ठिकाणची वीसेक झाडे तपासा. शेंड्याचे साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीचे उलगडलेले पान पहिले धरा आणि खाली मोजत या. चौथ्या व पाचव्या पानामधले पेर ५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर फवारणी नको. ७.५ सेंटिमीटरच्या पुढे गेले असेल तर झाड माजते आहे. मधल्या मापात पाती किती टिकली ते बघा. भरपूर टिकली असतील तर बोंडांचा भारच वाढ आवरतो. पाती गळाली आहेत, नत्र जास्त झालेय आणि जमिनीत ओल आहे, तर थांबू नका. शेजारच्याने फवारले म्हणून आपण फवारणे मला अजिबात पटत नाही.

२. पाण्याचा ताण असलेल्या किंवा रोगाने खचलेल्या पिकावर हे औषध मारू नका. थांबलेली वाढ आणखी खुंटते आणि उत्पादन घटते.

३. मात्रा लेबलावरचीच घ्या. औषधाची तीव्रता उत्पादनागणिक बदलते. एकदम मोठ्या मात्रेपेक्षा थोडी थोडी विभागून दिलेली बरी, कारण जादा मात्रा परत काढून घेता येत नाही.

४. टू-फोर-डी हे तणनाशक वापरलेला पंप कपाशीला लावूच नका. त्याचा अंशही पाने वेडीवाकडी करतो.

५. फवारणीनंतर आठेक तास पाऊस नको. दोन आठवड्यांनी पुन्हा पेर मोजा आणि मगच पुढचे ठरवा.

इथेफॉनची गोष्ट वेगळी. ते हंगामाच्या शेवटी बोंडे लवकर उमलावीत म्हणून वापरतात. आधी मारले तर पाती गळतात. इथेफॉन फवारण्याआधी वरचे, वेचणीत धरायचे शेवटचे बोंड चाकूने आडवे कापा. सरकीचे कवच तपकिरी झाले असेल आणि आत पातळ गर उरला नसेल, तरच फवारा.