होस्टेलची खोली पुढच्या वर्षीही हवी असेल तर: सोलापुरातल्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी

होस्टेलमध्ये एक वर्ष काढलं की खोली आपलीच वाटायला लागते. पण प्रवेश त्या शैक्षणिक वर्षापुरताच असतो आणि परीक्षा संपल्यावर खोली रिकामी करायची तारीख येते, तिथे तो संपतो. बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला किंवा एमएस्सी भाग दोनला गेलेल्यालाही नव्याने अर्ज करावा लागतो. जुन्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी प्राधान्य असतं, पण बाकी काही थकवलं नसेल आणि अर्ज मुदतीत आला असेल तरच. म्हणून निकाल लागल्यावर जूनमध्ये धावाधाव करण्यापेक्षा मे महिन्यात खोली सोडतानाच अर्धं काम उरकून टाका. जागा हातची जाते ती बहुतेक वेळा मार्कांमुळे नाही, मेमध्ये राहून गेलेल्या एखाद्या सहीमुळे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ 2004 साली सुरू झालं ते एका जिल्ह्यापुरतं. त्यामुळे केगावच्या आवारात येणारी बरीचशी मुलं-मुली याच अकरा तालुक्यांतली असतात. मोहोळ, अक्कलकोटहून रोज ये-जा करणारे आहेत, आणि करमाळा किंवा माळशिरसहून येणाऱ्याला रोजचा प्रवास अशक्य आहे. म्हणून अर्जातला घराच्या पत्त्याचा आणि अंतराचा रकाना इथे फार महत्त्वाचा ठरतो. त्याबद्दल पुढे येईलच.

खोली सोडताना

घरी जायच्या गडबडीत चावी वॉचमनकडे टाकून एसटी पकडू नका. खोलीतलं सामान रजिस्टरप्रमाणे मोजून द्यायचं असतं: पलंग, टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, ट्यूब, कुलूप-किल्ली. काही मोडलेलं असेल तर ते आधीपासून मोडलेलं होतं की तुमच्या काळात, याचा वाद तिथल्या तिथे मिटवा. ताबा दिल्याची नोंद रजिस्टरमध्ये तारखेसह करून घ्या, रेक्टरांची किंवा अधीक्षकांची सही घ्या आणि त्या पानाचा व रिकाम्या खोलीचा फोटो काढून ठेवा. तुम्ही गेल्यावर रूम पार्टनर चार दिवस जास्त राहिला आणि आरसा फुटला, तर नोंद नसताना तो खर्च दोघांच्याही नावावर पडतो.

मग नो ड्यूज, म्हणजे काही थकबाकी नसल्याचा दाखला. मेस, ग्रंथालय, विभाग किंवा प्रयोगशाळा, जिमखाना आणि शेवटी होस्टेल, अशा सह्या लागतात. अडतं ते मेसपाशी. मेसचा हिशेब महिना संपल्यावर निघतो, पेपर मात्र महिन्याच्या मध्येच संपतात. अशा वेळी मेस चालकाकडून त्या तारखेपर्यंतचा हिशेब लिहून घ्या, पैसे भरा, पावती घ्या. सुट्टीत गावी गेलेल्या दिवसांची खाडे सवलत (न जेवलेल्या दिवसांची वजावट) धरली आहे का, तेही तेव्हाच बघा. दोन महिन्यांनी ते कोणालाच आठवत नाही.

अनामत रकमेचं काय करायचं हेही मेमध्येच ठरवा. परत घेतली तर नव्या वर्षी पुन्हा भरावी लागते आणि परतावा यायला वेळ लागतो. त्यापेक्षा ती पुढच्या वर्षासाठी वळती करून मागा. अर्ज साधा असावा:

प्रति, मा. रेक्टर. विषय: अनामत रक्कम पुढील वर्षासाठी वळती करणेबाबत. महोदय, मी चालू वर्षी खोली क्रमांक ___ मध्ये राहत होतो/होते. दिनांक ___ रोजी खोलीचा ताबा दिला असून माझ्याकडे कोणतीही थकबाकी नाही. पावती क्रमांक ___ अन्वये भरलेली अनामत रक्कम पुढील शैक्षणिक वर्षाच्या होस्टेल प्रवेशासाठी वळती करावी, ही विनंती. मला प्रवेश न मिळाल्यास रक्कम सोबतच्या खात्यावर जमा करावी. सोबत: मूळ पावतीची प्रत, नो ड्यूज, माझ्या बँक पासबुकाची प्रत.

शेवटचं वाक्य वगळू नका, नाहीतर प्रवेश नाकारला गेल्यावर परताव्यासाठी पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागतो. अर्जाची दुसरी प्रत आवक शिक्का मारून स्वतःजवळ ठेवा. खातं तुमच्याच नावाचं द्या. वडिलांच्या खात्याचा नंबर दिला की नाव जुळत नाही म्हणून फाइल बाजूला पडते.

कागद: कोणता जुना चालतो, कोणता नाही

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र एकदा काढलं की पुन्हा काढावं लागत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याचं तसं नाही. त्यावर वैधतेची तारीख छापलेली असते आणि ती 31 मार्च असते. गेल्या जूनमध्ये काढलेला एक वर्षाचा दाखला या जूनमध्ये बाद होतो, हे कितीतरी जणांना अर्ज परत आल्यावर कळतं. नॉन क्रिमीलेअरवरचीही तारीख बघा.

दाखला आपल्या तालुक्याच्या तहसीलमधून, सेतू किंवा आपले सरकार केंद्रामार्फत निघतो. शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, नसेल तर पगारपत्रक किंवा स्वयंघोषणापत्र, आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल. वडील यंत्रमागावर आणि आई बिड्या वळणारी, अशा घरात पगारपत्रक कुठून येणार? तिथे तलाठ्याचा अहवाल हाच मुख्य आधार, आणि तलाठी सापडणं हेच खरं काम. जूनमध्ये दहावी-बारावीच्या मुलांनी सेतूपुढे रांगा लावलेल्या असतात. एप्रिल-मेमध्ये अर्ज टाका, पंधरा दिवस हाताशी ठेवा. जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी पाचशेचा बाँड आणायला सांगितलं तर आधी तहसीलमध्ये विचारा. ज्या घरात फीचीच ओढाताण आहे, तिथे हे पाचशे रुपये वाचलेच पाहिजेत.

रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचं, आणि दरवर्षी नव्याने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार होस्टेलमध्ये राहणाऱ्याने ते वेगळं द्यायचं असतं. आता ते ऑनलाइन भरता येतं. भरल्यावर ईमेलवर नोंदणी क्रमांक येतो, तो ईमेल कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायचा. होस्टेलच्या अर्जात हाच क्रमांक मागतात. गेल्या वर्षीचा टाकला तर अर्ज अपुरा ठरतो.

बाकीचं नेहमीचं: दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका, नव्या वर्षाच्या प्रवेशाची फी पावती, आधार, जुनं होस्टेल ओळखपत्र, वैद्यकीय दाखला, पालकांचं हमीपत्र, स्थानिक पालकाचं संमतीपत्र. स्थानिक पालक म्हणून नाव देताना त्या माणसाला आधी विचारा. रात्री ताप आला तर रेक्टर त्यालाच फोन करणार आहेत.

निकाल लागला नसेल तर

होस्टेलची मुदत आणि निकालाची तारीख क्वचितच जुळते. निकालाची वाट बघत अर्ज थांबवू नका. विषम सत्राची गुणपत्रिका आणि सम सत्राचं हॉल तिकीट जोडा, गुणांच्या रकान्यात ‘निकाल प्रलंबित’ लिहा आणि निकाल लागल्यापासून इतक्या दिवसांत गुणपत्रिका देईन असं लेखी द्या. अर्ज तात्पुरता म्हणून धरला जातो.

एटीकेटी (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाता येणं) आणि वर्ष वाया जाणं यांत होस्टेल फरक करतं. पुढच्या वर्गात नियमित प्रवेश मिळाला असेल तर एटीकेटी असूनही अर्ज करता येतो. गुणवत्ता यादीत मात्र खाली जाल, कारण सगळे विषय सुटलेल्यांना आधी घेतात. वर्ष राहिलं तर नियमित विद्यार्थी म्हणून नाव नसतं, त्यामुळे सहसा जागा मिळत नाही. पुनर्मूल्यांकनाला टाकलं असेल तर त्याची पावती जोडा आणि रेक्टरांना लेखी कळवा. गुण वाढून पास झालात तर या कागदाच्या जोरावर पुढच्या फेरीत विचार करा म्हणून मागता येतं. तोंडी सांगितलेलं तिथे उपयोगी पडत नाही.

अर्ज भरताना

आधी पत्ता. काही मुलं सिमकार्ड, बँक किंवा गॅसच्या सोयीसाठी आधारवर सोलापुरातल्या मामाचा किंवा भाड्याच्या खोलीचा पत्ता टाकून घेतात. मग होस्टेलच्या छाननीत मुलगा मंगळवेढ्याचा असूनही ‘स्थानिक’ दिसतो आणि अर्ज बाद होतो. आधारवर मूळ गावाचा पत्ता ठेवा. बदलला असेल तर अर्जाआधी दुरुस्त करा आणि तोवर रहिवासी दाखला व पालकांचं रेशनकार्ड जोडा.

दुसरं, ईमेल आणि मोबाइल. नेट कॅफेवाल्याने त्याच्याच ईमेलवर अर्ज भरून दिला की निवडीचा निरोप त्याच्याकडे येतो आणि तुम्हाला कळेपर्यंत फी भरायची मुदत टळलेली असते. स्वतःचा ईमेल वापरा आणि नेहमी चालू असणारा नंबर द्या. नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव आणि आडनाव यांची उलटापालट झाली तर पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) जुळत नाही. स्कॅन मोबाइलने करणार असाल तर उजेडात, कागद सपाट ठेवून करा. दाखल्यावरचा बारकोड आणि तारीख वाचता आली पाहिजे. अर्ज पाठवल्यावर पोच प्रिंट करून ठेवा.

रूम पार्टनर ठरलेला असेल तर दोघांनीही अर्जात एकमेकांचं नाव लिहायला हवं, एकाने लिहून भागत नाही. आणि पार्टनर थकबाकीदार किंवा मुदत चुकवणारा असेल तर जोडी मोडते. मग उरलेल्याला रिकाम्या पलंगावर कुठेही टाकतात.

मजला निवडायची सोय असेल तर सोलापूरचं ऊन लक्षात घ्या. मार्चपासून पारा चढतो, चाळीसच्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. नेमक्या त्याच काळात उन्हाळी सत्राची परीक्षा असते. मधला मजला आणि पश्चिमेची भिंत नसलेली खोली मिळाली तर अभ्यास होतो. तळमजल्यावर गारवा असतो, पण डासही असतात. पाण्याची चौकशी जरूर करा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे होस्टेलला बोअर आहे का, टाकी केवढी, टँकर मागवतात का, हे तिथे राहिलेल्याला विचारा. दिव्यांग विद्यार्थ्यांनी प्रमाणपत्र जोडून तळमजला मागावा.

यादी लागल्यावर

यादीबरोबर फी भरायची शेवटची तारीख असते आणि ती अगदी जवळची असते. तोवर फी आली नाही तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जाते, जुना विद्यार्थी असला तरी. ऑनलाइन भरताना पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट आणि बँकेच्या नोंदीची प्रत घेऊन लेखा विभागात त्याच दिवशी अर्ज द्या, म्हणजे मुदतीत भरल्याचा पुरावा राहतो.

जून-जुलैत आषाढी वारी येते. एसटीच्या गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात आणि गावाकडच्या फेऱ्या कमी होतात. कागद पडताळणीची तारीख त्या आठवड्यात असेल तर आदल्या दिवशीच या.

नाव प्रतीक्षा यादीत असेल तर आशा सोडू नका. इंजिनिअरिंग, बीएड, फार्मसीच्या फेऱ्या लागतात तसे काही जण होस्टेलची जागा सोडतात. प्रवेश रद्द होण्याची शेवटची तारीख विचारून घ्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन लेखी विनंती द्या. मधल्या काळापुरती बाळे, केगाव परिसरात कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका पलंगापुरतं भाडं) सोय बघा, पण अकरा महिन्यांचे पैसे एकदम देऊ नका. महिन्याच्या बोलीवर राहा.

होस्टेल नाहीच मिळालं तर राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत देणाऱ्या सरकारी योजनांकडे वळा, त्यांच्याही मुदती याच दिवसांत असतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. स्वाधारसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना ही मदत मिळते. त्यामुळे समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज भरून ठेवणं गरजेचं. शासकीय वसतिगृहात जागा घेऊन भत्ताही घेता येत नाही. कळून आलं तर रक्कम वसूल होते.

नियमात बसूनही डावललं गेलं असं वाटलं तर आधी रेक्टरांकडून नाकारल्याचं कारण लेखी मागा. मग संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार ती प्रत्येक संस्थेत असायला हवी, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. आवक शिक्क्याच्या प्रती इथे कामी येतात.

जागा मिळाली तर नव्या खोलीचा ताबा घेताना बॅग उघडण्याआधी पंखा, प्लग, कपाटाचं कुलूप आणि पलंगाची फळी तपासा, आणि जे मोडकं असेल ते ताबा रजिस्टरमध्ये सही करण्यापूर्वी लिहून घ्या.